बुधवारी दोन ते पाच

काउनासच्या वाचनालयात, तळघरातल्या खोलीत
सोमवारी संध्याकाळी मी शिकवते
इंटरनेटवर आपलं घर कसं राखावं ते.
सात म्हातारी माणसं, एक कुरकुरणारा हीटर,
आणि फळ्यावर मागच्या आठवड्याचं माझंच अक्षर:
पासवर्ड लांब हवा. वहीत लिहिलात तरी चालेल,
वही मात्र नातवाच्या हाती नको.

ब्रोन्यूस आजोबांनी तीन वर्षांचे पैसे भरून
व्हीपीएन घेतलं, कारण जाहिरातीत होतं: अदृश्य व्हा.
मी म्हटलं, आजोबा, अदृश्य नाही झालात,
पहारेकरी बदललात फक्त.
उद्या कुंपणानेच शेत खाल्लं तर?
त्यांनी पावतीची घडी घातली.
"शेत आहे कुठे? मी हवामान बघतो,
आणि बुद्धिबळात हरतो."

गेनोवाइते मागच्या खुर्चीवर, कोट अंगातच.
तीस वर्षं तिने विलियाम्पोलेत टपाल वाटलं.
एन्क्रिप्शन तिला समजवावं लागलं नाही.
"काही पाकिटं एक दिवस उशिरा यायची.
डिंक पुन्हा लावलेला, कड जराशी फुगलेली.
वाफेवर धरलेल्या कागदाला वास असतो,
ओल्या पिठासारखा.
मी तशीच द्यायचे. काय करणार?
घेणारा अंगठ्याने कड चाचपायचा,
माझ्याकडे बघायचा,
आणि म्हणायचा, थंडी फार आहे आज."

सगळ्यांना विचारते ते तिलाही विचारलं:
लपवायचं कोणापासून?
कुलूप त्यावर ठरतं.
जाहिरातवाले असतील तर ब्राउझर बदला,
फुकटचा नकाशा, फुकटची मेल, जरा आवरती घ्या.
चोर असेल तर लॉगिनला दुसरी कडी लावा.
सरकार असेल तर माझ्याकडे येऊ नका,
मी साधी ग्रंथपाल आहे.
सगळे हसले. ब्रोन्यूस हसले नाहीत.

गेनोवाइतेने चष्मा पुसला.
"मुलापासून," म्हणाली.

झिल्विनास बेर्गेनला असतो,
मासे गोठवण्याच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
गेल्या हिवाळ्यात ही बर्फावर पडली
तेव्हा त्यानेच ते ॲप टाकलं:
नकाशावर आई, एक निळा ठिपका.
"चांगला आहे हो मुलगा.
मला फक्त बुधवार हवाय. दोन ते पाच."

कुठे जाता, हे माझ्या ओठांवर आलं.
मी ते गिळलं.
वर्ग कशाचा घेते मी, नाहीतर?

फोन घरी ठेवा, कोणीतरी सुचवलं.
"ठेवला होता. ठिपका तीन तास हलेना
म्हणून त्याने शेजारणीला दार ठोठावायला लावलं."
खोटी जागा दाखवणारं ॲपही मिळतं,
मी म्हटलं, खरं तर म्हणायला नको होतं.
तिने नाक मुरडलं.
"म्हणजे डिंक मीच लावायचा?"

मग तिने स्वतःच लिहिलं, एका बोटाने,
पाकिटावर पत्ता लिहावा तसं सुटं सुटं:
बुधवारी दोन ते पाच मी दिसणार नाही.
बरी असेन.
मी सेटिंग उघडून दिलं, बटण तिने दाबलं.

पलीकडे तीन टिंबं नाचली. थांबली. पुन्हा नाचली.
हीटर टक् करून बंद पडला.
मग आलं:
बरं, आई. अलेक्सोतासच्या पायऱ्यांवर जपून. कठडा धर.

पायऱ्यांचं ती बोललीच नव्हती.
आमच्याशी नाही. त्याच्याशीही नाही.

ती ओळ तिने दोनदा वाचली.
मग फोनच्या कडेवरून अंगठा फिरवला,
हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
माझ्याकडे बघितलं,
आणि म्हणाली, थंडी फार आहे आज.